उरल्यासुरल्याची बखर

दिवाळी सरून चार दिवस झाले, की फराळाच्या डब्यांना जी कळा येते ती वाचकांच्या परिचयाची आहे. चकल्या संपतात, पण त्यांचे तुकडे उरतात. चिवडा संपतो, पण तळाशी मीठ, तिखट आणि डाळ्यांच्या पाकळ्या यांचा एक थर राहतो. ज्या करंज्यांची पोटे फुटली त्यांचे सारण डब्याच्या कोपऱ्यात जमते. आमच्या लहानपणी गिरगावातल्या घरी या दिवशी आजी सगळे डबे पुढ्यात घेऊन बसे. चकलीचा चुरा थालीपिठाच्या पिठात जाई, सारण पोळीत भरले जाई, आणि चिवड्याचा गाळ कांदा-कोथिंबीर घालून आम्हा मुलांच्या वाट्याला येई. आम्हांला ती दुसरी दिवाळीच वाटे. डबे घासून पालथे घातले गेले, की आजी म्हणे, "आता झाली दिवाळी."

इतिहास लिहिणाऱ्यांनी राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने भरपूर केली आहेत. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यात काय शिजले, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. वास्तविक बहुतेक माणसे बहुतेक दिवस त्या दुसऱ्या दिवशीच जगत आली आहेत. अशाच एका दुसऱ्या दिवशीच्या पदार्थाचा मागोवा मी येथे घेणार आहे. उरलेले बटाटे आणि उरलेले मांस एकत्र मळायचे, चपट्या वड्या थापायच्या, आणि तव्यावर तांबूस तळायच्या, एवढीच त्याची कृती. इंग्रज त्याला रिसोल म्हणतो, फ्रेंच क्रोकेत म्हणतो, आणि आपण कटलेट किंवा पॅटीस म्हणतो. शाकाहारी वाचकांनी एवढ्यात पान उलटू नये. ही वडी शेवटी एकादशीच्या फराळापर्यंत जाऊन पोचणार आहे.

प्रथम इंग्लंडात जाऊ. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तेथील मध्यम स्थितीतल्या कुटुंबाचा सगळा आठवडा रविवारच्या भाजलेल्या मांसाभोवती फिरे. गाईच्या किंवा मेंढीच्या मांसाचा एक मोठा तुकडा हाडासकट भाजायचा, सोबत बटाटे, आणि घरच्या यजमानाने मेजाशी उभे राहून तो कापून सर्वांना वाढायचा. ज्यांच्या घरी भट्टी नसे ते आपला तुकडा पाववाल्याच्या भट्टीवर नेऊन देत आणि भाजून झाला की घेऊन येत. दिवाळीच्या आधी नानकटाईचे ट्रे बेकरीत नेऊन देण्याची आपल्याकडची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. एवढा तुकडा एका दिवसात संपत नसे, आणि संपावा अशी अपेक्षाही नसे. सोमवार हा धुण्याचा वार. पाणी तापवणे, कपडे उकळणे, घासणे, पिळणे यांत बाईचा दिवस जाई आणि चूलही त्यातच अडकलेली असे. म्हणून सोमवारी मांस थंडच खायचे, लोणच्याबरोबर. त्यातूनही जे उरे ते मंगळवारी बारीक चिरायचे, किंवा खिमा करायचे यंत्र घरोघर आल्यावर त्यातून काढायचे, आणि त्याच्या वड्या तळायच्या.

ही वडी उकलून पाहण्यासारखी आहे. मांस रविवारचे. बटाटे आदल्या दिवशीचे. वरून लावायचा चुरा शिळ्या पावाचा. तळायला चरबी लागते, तीही रविवारी मांस भाजताना जी ठिबकली ती वाडग्यात साठवून ठेवलेली. एखादे अंडे सोडले तर सगळे जिन्नस उरलेले. नवा फक्त जाळ आणि बाईचे श्रम. आणखी एक गंमत म्हणजे या कामाला उरलेला बटाटाच चांगला. ताजा उकडलेला बटाटा ओलसर आणि चिकट असतो, त्याची वडी तव्यावर पसरते. तोच गार होऊन रात्रभर राहिला, की त्यातले पिठूळ सत्त्व घट्ट होते आणि वडी आकार धरते. ज्या बायकांनी हे शोधून काढले त्यांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते.

1861 साली लंडनमध्ये इझाबेला बीटन या बाईंचे गृहव्यवस्थेवरचे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. बीटनबाई 1865 साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतरच्या तापाने वारल्या. त्यांच्या नावाचे पुस्तक मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिले. त्यातल्या पुष्कळ कृती त्यांनी इतरांच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या, असे आता सिद्ध झाले आहे. तो मुद्दा सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट अशी, की थंड मांसापासून करायच्या पदार्थांवर त्या पुस्तकात तशी वेगळी खूण आहे. गोमांसाच्या रिसोलला एक पौंड मांसामागे पाऊण पौंड पावाचा चुरा, थोडी लिंबाची साल, एक-दोन अंडी असे प्रमाण दिले आहे. प्रत्येक कृतीखाली खर्चाचा अंदाज देण्याची बाईंची पद्धत होती. या वड्यांखाली खर्च आहे पाच पेन्स, आणि पुढे पुस्ती जोडली आहे: मांसाची किंमत सोडून. हिशेब बरोबरच आहे, कारण मांसाचे पैसे रविवारच्या खात्यावर पडून गेले. चिरणे, मळणे, थापणे, तळणे यांची किंमत मात्र रविवारच्या खात्यावरही नव्हती आणि मंगळवारच्याही नव्हती.

बीटनबाईंच्या कृतीत बटाटा नाही, पाव आहे. बटाट्याने ही जागा हळूहळू घेतली, आणि ती त्याला सहजासहजी मिळालेली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर हजारो वर्षे पिकणारे हे कंद सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात आणले. पण युरोपाने त्यांच्याकडे दीर्घ काळ संशयानेच पाहिले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला 1756 साली बटाटे लावण्याचा हुकूम काढावा लागला. त्याच वर्षी सुरू झालेल्या सात वर्षांच्या युद्धात पारमांतिए नावाचा एक फ्रेंच औषधीतज्ज्ञ प्रशियनांच्या कैदेत पडला. तेथे त्याला बटाटेच खाऊ घातले गेले. आणि आश्चर्य असे, की माणूस मेला नाही, उलट धडधाकट परतला. मग उरलेले आयुष्य त्याने देशबांधवांना बटाटा खायला लावण्यात घालवले. आज फ्रान्समध्ये खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेल्या पदार्थाला त्याचे नाव आहे, आणि तो खिमाही परंपरेने उरलेल्या मांसाचाच करतात. तुरुंगातल्या जेवणामुळे अजरामर झालेला दुसरा माणूस मला आठवत नाही.

बटाटा स्वस्त होता, पोट भरणारा होता, आणि मांसाची चव सहज उचलणारा होता. म्हणजे गरिबाला हवे ते सगळे त्याच्यापाशी होते. मूठभर मांसात चार बटाटे मिसळले, की चौघांच्या ताटात मांस पडल्यासारखे दिसे. ही दिसण्याची गोष्ट लहान नव्हे. 1913 साली मॉड पेंबर रीव्ह्‌ज या विदुषींनी लंडनच्या लँबेथ भागातल्या मजूर कुटुंबांवर एक पुस्तक लिहिले. फेबियन पंथातल्या स्त्रियांनी काही वर्षे घरोघर जाऊन, आठवड्याला साधारण एक पौंड मिळवणाऱ्या घरांतले खर्च पैन् पै टिपून घेतले होते. त्या वह्यांतून दिसते ते असे, की मांस मुख्यतः कमावत्या पुरुषासाठी येई. मुलांना बटाटे आणि त्यावर रस्सा. आईला त्यातूनही जे राहील ते. कामावर जाणारा धडधाकट राहिला नाही तर सगळेच उपाशी मरतील, हे त्या बायका पक्के जाणून होत्या, म्हणून त्यात तक्रारीचा सूर नाही. आपल्याकडे वेगळे काय होते? पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाचे पुसून घेणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. काटकसरीच्या पदार्थाचे कौतुक करताना तो कोणाच्या ताटातून कमी झाला, हेही विचारावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ही घरगुती काटकसर सरकारी धोरण झाली. 8 जानेवारी 1940 रोजी ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस रेशनवर गेले. 11 मार्चपासून ताजे मांसही गेले. इतर जिनसांना वजनाचे माप होते, मांसाला पैशांचे. माणशी आठवड्याला अमुक शिलिंग-पेन्स एवढेच मांस. त्यात चांगला तुकडा घ्याल तर थोडा मिळेल, हलका घ्याल तर अधिक. बटाट्यावर मात्र युद्ध संपेपर्यंत रेशन नव्हते, कारण तो घरच्या मातीत पिकत होता. मग सरकारने बटाट्याला टोपी घालून, हसरा चेहरा काढून त्याची चित्रे भिंतीभिंतींवर लावली. पोटॅटो पीट हे त्याचे नाव. रेडिओवर सकाळच्या वेळी स्वयंपाकाच्या सूचना येऊ लागल्या, आणि अन्न वाया घालवणे हा दंडाला पात्र गुन्हा ठरला. आजवर ज्या वड्या गरिबीची खूण म्हणून गुपचूप तळल्या जात, त्या आता देशभक्तीच्या खात्यात जमा झाल्या. मांसाचे रेशन उठले ते थेट 4 जुलै 1954 रोजी. चौदा वर्षांत एका पिढीतल्या मुली काटकसरच शिकत मोठ्या झाल्या, आणि या वड्यांचा त्यांना कंटाळाही आला. दारिद्र्याची चव जिभेवर फार दिवस राहिली, की पदार्थ चांगला असूनही नकोसा होतो.

त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच युद्धात काय चालले होते, तेही या बखरीत नोंदवले पाहिजे. 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. चौकशी मंडळाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. त्या वर्षी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसे दारोदार फिरत होती, आणि ती भात मागत नव्हती. भात कोणी देणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. ती फ्यान मागत होती, म्हणजे भाताची पेज, जी एरवी गाळून गटारात ओतायची. उरलेल्याचेही उरलेले. इंग्लंडात प्रत्येकाच्या हाती रेशनचे पुस्तक होते. बंगालच्या खेड्यात ते नव्हते. आपल्या मुंबईत त्याच 1943 साली रेशन सुरू झाले आणि रांगा लागल्या. त्या रांगांच्या आठवणी आमच्या घरात आजीच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या. पण कलकत्त्याची गोष्ट निघाली, की ती गप्प होई.

आता वडीबरोबर जहाजात बसून हिंदुस्थानात येऊ. येथे साहेबाच्या काटकसरीची पहिली गाठ पडली ती हवेशी. इंग्लंडात उत्तरेकडच्या गार कोठीत दगडी फळीवर मांस तीन दिवस टिके. मुंबईच्या वैशाखात ते संध्याकाळपर्यंत टिकेल तर नशीब. जाळीचे कपाट, त्याच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, असे उपाय होते. 1834 साली अमेरिकेहून बर्फाचे जहाज मुंबईला आले तेव्हा शहरात केवढे कुतूहल झाले! पण तो बर्फ पेये गार करायला आणि आइस्क्रीमला. खिम्यासाठी कोण खर्च करणार? तेव्हा रविवारचे मांस मंगळवारी, हे येथे जमण्यासारखे नव्हते.

दुसरी गाठ पडली ती आपल्या समजुतींशी. इंग्रजी भाषेत उरलेल्या अन्नाला एक शब्द पुरतो. आपल्याला तीन लागतात. रात्र उलटली ते शिळे, कोणी तोंड लावले ते उष्टे, आणि शिजल्या अन्नाचा लेप लागला ते खरकटे. शिळ्याला आपल्या घरात मान होता. फोडणीचा भात, फोडणीची पोळी, दह्यातला भाकरीचा काला हे काही कमी प्रतीचे पदार्थ नव्हेत. गोव्यात तर आदल्या दिवशीची आमटी आटवून केलेल्या 'कालच्या कोडी'साठी माणसे मुद्दाम आमटी उरवतात. पण पंगतीत येऊन गेलेले, मेजावर साऱ्यांसमोर कापलेले अन्न पुन्हा चुलीवर चढवायचे, ही कल्पना सोवळ्याच्या स्वयंपाकघराला मानवणारी नव्हती.

आणि याच समाजात काही लोकांच्या कपाळी मात्र दुसऱ्यांचे शिळे-उष्टे हाच हक्क म्हणून लिहिलेला होता. गावकीचे काम करायचे आणि संध्याकाळी घरोघर फिरून उरलेल्या भाकरीचे तुकडे गोळा करायचे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना जे सांगितले, त्यात मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि शिळे तुकडे घेणे सोडा, हा भाग होता. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. या तुकड्यांची फारशी निघत नाही. स्वतःच्या घरचे शिळे बाई मोठ्या हौसेने परतते. पण दुसऱ्याने टाकलेले शिळे हातात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. पदार्थ एकच असेल, घास एक नाही.

तर अशा देशात ही वडी रुजली कशी? साहेबाच्या स्वयंपाकघरातला आचारी तिला बाहेर घेऊन आला. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही हाताळायचे, म्हणून या कामावर बहुधा मुसलमान खानसामे, मुंबईकडे गोव्याचे ख्रिस्ती आचारी, आणि कलकत्त्याकडे आराकानातून आलेले बौद्ध मग आचारी असत. त्यांनी वडीचा घाट उचलला, तिचे शिळेपण टाकून दिले. आत आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना गेला. वर पावाचा चुरा तसाच राहिला. साहेबाच्या घरी आठवड्याच्या मध्याला जो पदार्थ नाइलाजाने होई, तो हॉटेलात, क्लबात आणि आगगाडीच्या डब्यात ताज्या मालाचा, ऐटीत, बशीत टोमॅटोच्या चकतीसह येऊ लागला.

नावांची गंमत येथे सांगितलीच पाहिजे. कटलेट हा शब्द फ्रेंचांच्या बरगडीवरून आला. मूळचा कटलेट म्हणजे बरगडीच्या हाडासकटचा मांसाचा तुकडा. चॉप म्हणजेही हाडासकट तोडलेला तुकडाच. पण इंग्रज गृहिणींनी खिम्याच्याच वड्यांना कटलेटचा आकार देण्याची युक्ती काढली होती, आणि हाड दिसावे म्हणून टोकाला मॅकरोनीची नळी खोवीत. ती नळी बोटीतच कोठे तरी हरवली असावी. येथे आले ते नुसते नाव. म्हणून आपल्या कटलेटात हाड नाही, बंगाल्यांच्या आलूर चॉपात तर मांससुद्धा नाही, आणि कॉफी हाउसातल्या बीट घातलेल्या लालभडक कटलेटाकडे पाहून कोणाला मेंढीची बरगडी आठवेल असे वाटत नाही. पॅटीसची कथाही अशीच. इंग्रजीत पॅटी म्हणजे मूळची पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेली लहान वाटी. तिचे अनेकवचन आपण एकवचन म्हणून घेतले, आणि एक पॅटीस, दोन पॅटीस असे मोजू लागलो. इराण्याच्या काचेच्या कपाटात पापुद्र्यांचे मटण पॅटीस असते, ते या जुन्या अर्थाशी अधिक इमानी. बटाट्याच्या पारीचे पॅटीस हा त्याचा आपल्याकडचा चुलतभाऊ.

बटाट्यानेही नावाची फसवणूक केलीच आहे. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी त्या नावाचा गोंधळ झाला, पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले, आणि रताळ्याला आपल्याकडे नाव आधीच असल्यामुळे ते या नव्या कंदाला चिकटले. उत्तर हिंदुस्थान त्याला आलू म्हणतो. आपण पोर्तुगीजांचा शब्द राखला. एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यात खेड-जुन्नरच्या बाजूला त्याची शेती पसरली, आणि आंबेगावचे सातगाव पठार आजही बटाट्यासाठीच ओळखले जाते.

गोव्यात तर ही वडी सणाला बसली. खिमा आत आणि बटाट्याची पारी बाहेर असे पोटॅटो चॉप, गोमांसाचे क्रोकेत, आणि कोळंबी भरलेले रिसॉइश यांच्यावाचून गोव्याच्या ख्रिस्ती घरातला नाताळ किंवा लग्न पार पडत नाही. रिसॉइश हा इंग्रजांच्या रिसोलचाच पोर्तुगीज भाऊ. दोघांचेही मूळ तांबूस रंगाच्या लॅटिन शब्दात. मुंबईत पारशांनी कटलेटाला टोमॅटोच्या आंबटगोड रसात बसवले. कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू मंडळींनी खिम्याचे पॅटीस पाहुणचाराच्या ताटात आणले. याच्या नेमके उलट जपानात घडले. सम्राट मेजींनी 1872 साली गोमांस खाऊन दाखवल्यावर तेथे पाश्चात्य पदार्थांची हौस वाढली, आणि क्रोकेत हे कोरोक्के नावाने आधी ऐटबाज उपाहारगृहांत अवतरले. 1917 साली त्याच्यावर एक विनोदी गाणे लोकांच्या तोंडी झाले: लग्न करून बायको आणली, ती रोज कोरोक्केच करते, असे नवऱ्याचे रडगाणे. पुढे खाटकांनी कापताना उरलेले मांसाचे बारीक तुकडे बटाट्यात मिसळून, दुकानातल्याच चरबीत तळून ते स्वस्तात विकायला सुरुवात केली, आणि साहेबी पदार्थ मजुराच्या हातात आला. तेथे तो श्रीमंतीतून काटकसरीकडे गेला. आपल्याकडे काटकसरीतून श्रीमंतीकडे.

आता एकादशी. आपल्याकडे वडीतले मांस हळूहळू सुटले. आधी त्याच्या जागी वाटाणे आले, मग रगडा वरून ओतला गेला, आणि शेवटी कोणा सुगरणीने बटाट्याच्या पारीत ओले खोबरे, मिरची, दाणे आणि बेदाणे भरून पॅटीस उपासाला चालते केले. पावाच्या चुऱ्याची जागा साबुदाण्याच्या किंवा शिंगाड्याच्या पिठाने घेतली. रविवारच्या गोमांसाची उस्तवार लावण्यासाठी जन्मलेली वडी आषाढीला विठ्ठलाचे नाव घेऊन खाल्ली जाते! बटाटा अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, दाणेही तिकडचेच. आपल्या धर्मशास्त्राला हे परदेशी पाहुणे माहीतच नव्हते, म्हणून त्यांना मनाई करायचे राहून गेले, असे आमचे एक शास्त्री म्हणत. मला ते पटते.

आमच्या आजीने पॅटीस शिकले ते खालच्या मजल्यावरच्या गोव्याच्या मावशींकडून. त्यांचे वडील बोटीवर आचारी होते. नाताळात त्यांच्याकडून ताट वर येई, दिवाळीत आमचे खाली जाई. शिकवताना मावशी सहज म्हणाल्या, की साहेबाच्या घरी हे आदल्या दिवशीच्या मांसाचे करीत. आजीचा हात थांबला.

"शिळ्या मांसाचं?"

"होय आजी, पण घरच्याच," मावशी म्हणाल्या. "माझा बाप म्हणायचा, साहेबाची मडम आमच्याहून चिक्कू."

आजी हसली, पण तिने मनाशी ठरवायचे ते ठरवले. चकलीचा कणही वाया न घालवणारी ही बाई पॅटीसच्या दिवशी वडिलांना सकाळी मुद्दाम बाजारात पिटाळून ताजा खिमा आणवी, आणि तो आपल्यासमोर कापून घेतला ना, हे दोनदा विचारी. बटाटेही नवे उकडी. ते चिकट निघत, वड्या तव्यावर पसरत, आणि ती बटाटेवाल्याला बोल लावी. रात्री उरलेले वापर असे तिला कोणी सांगितले असते, तर तिने ऐकले नसते. पाहुण्यांच्या पदार्थात शिळे घालायचे नाही, एवढे तिला कळत होते.

मोजून वीस होत. घरचे खात, पाहुणे खात, चार ताटात झाकून खाली मावशींकडे जात. तरी दोन-तीन राहतच. ते ती जाळीच्या कपाटात ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर पुन्हा गरम करून, पावात दाबून, उभ्याउभ्या स्वतः खाई. आम्ही मागितला तर म्हणे, "कालचं आहे, तुम्हांला नको."